लेबर रूमच्या सिस्टरला पगार किती? आकडा ऐकण्याआधी हिशेब असा मांडा

"मॅडम, लेबर रूमला किती देतेत?"

नर्सिंगचे निकाल लागले की मला हा फोन येतोच. कधी परभणीच्या बसस्टँडवरून, कधी अंबाजोगाईच्या हॉस्टेलवरून. मी उलट विचारते, "कुठं? किती तास? ऑर्डर कुणाच्या नावाची?" तिकडं शांतता. मग हळूच उत्तर येतं, "तसं काही विचारलंच नाही. अठरा हजार म्हणले."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लेबर रूम म्हणून वेगळी वेतनश्रेणी आपल्याकडं नाही. सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डातली सिस्टर आणि बाळंतपण करणारी सिस्टर एकाच श्रेणीत असतात, आणि उद्या बदली झाली तरी पगार तोच राहतो. पगार ठरतो तो नोंदणी कोणती, नेमणूक कोणाची, तास किती आणि कागदावर काय लिहिलंय, यावर. या चारही गोष्टी याच क्रमानं तपासायच्या असतात. बहुतेक मुली आकड्यापासून सुरुवात करतात आणि कागद सहा महिन्यांनी बघतात. घोळ तिथंच होतो.

## टप्पा १: नोंदणी आणि नाव

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं परिचारिका (नर्स) आणि प्रसाविका (मिडवाइफ) अशी दुहेरी नोंदणी होते. एएनएमचं (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचं) रजिस्टर वेगळं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्र उघडून दोन्ही नोंदी आहेत का ते स्वतः वाचा. लेबर रूमसाठी दुसरी नोंद महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याकडंच कुणी बघत नाही.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. मुदत संपलेली असेल तर खाजगी दवाखाना तुम्हाला घेईल, नाही असं नाही. पण "कागद पूर्ण नाहीत ना तुमचे" म्हणून दोन-तीन हजार कमी सांगेल. उदगीर, देगलूर भागातल्या ज्या मुली बीदर किंवा कलबुर्गीला शिकून आल्यात, त्यांनी कर्नाटकातल्या नोंदणीवर थांबू नये. इथं काम करायचं तर महाराष्ट्राची नोंदणी लागते.

आता नावाचं. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पॅनवर मधलं नावच नाही आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. असं असलं की पीएफचा यूएएन क्रमांक आधारशी जुळत नाही आणि पैसे काढायच्या वेळी अर्ज परत येतो. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर राजपत्रात नोंद करून सगळीकडं एकदम बदला, नाहीतर नोकरीच्या कागदांवर माहेरचंच नाव ठेवा. अर्धं इकडं, अर्धं तिकडं ठेवू नका.

तपासा: नोंदणी प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे? नसेल तर पुढचा टप्पा थोडा थांबू द्या.

## टप्पा २: नेमणूक कोण करतंय ते ओळखा

"सरकारी दवाखान्यात लागले" एवढ्यानं काही कळत नाही. एकाच लेबर रूममध्ये, एकाच टेबलाशी चार वेगवेगळ्या पगारांच्या सिस्टर उभ्या असतात.

राज्य शासनाची कायम नोकरी. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं आणि स्त्री रुग्णालयं इथल्या अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) श्रेणी एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. पुढं परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण आहे.

जिल्हा परिषद. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएमची श्रेणी एस-८, २५,५०० ते ८१,१००. उपकेंद्रावर बाळंतपण होतं तेव्हा ती एकटीच लेबर रूम असते, हे वेतनश्रेणीला माहीत नसतं.

राष्ट्रीय आरोग्य अभियान, कंत्राटी. इथं वेतनश्रेणी नाही, एकवट मानधन. गेल्या काही वर्षांच्या जिल्हावार जाहिरातींत स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला १८,००० हे आकडे वारंवार दिसले आहेत. तुमच्या जाहिरातीत जो असेल तोच खरा. नेमणूक ठरावीक मुदतीची असते आणि मध्ये एक-दोन दिवसांचा खंड देऊन नवीन आदेश निघतो.

एजन्सीमार्फत. काम सरकारी दवाखान्यात, पण मालक ठेकेदार. दवाखाना एजन्सीला किती देतो आणि तुमच्या खात्यात किती येतात, यातलं अंतर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. निदान पीएफ कोणाच्या कोड क्रमांकावर भरला जातो, ते तरी विचारा.

खाजगी. इथं पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत सगळं आलं. घासाघीस करताना एक मोजपट्टी हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं शिफारशी केल्या. २०० हून जास्त खाटांच्या दवाखान्यात राज्य शासनाइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १०% कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५% कमी, आणि ५० खाटांखाली किमान २०,००० रुपये. या शिफारशी आहेत, त्या दाखवून कोर्टात भांडता येणार नाही. पण मुलाखतीत "खाटा किती आहेत?" हा प्रश्न शांतपणे विचारला की समोरच्याला कळतं, ही पोरगी अभ्यास करून आलीय. किमान वेतन मात्र कायद्यानं बंधनकारक आहे. रुग्णालयांसाठी त्याची अनुसूची आहे, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो.

सावध: इंटरनेटवर दिसणारा ४४,९०० चा मूळ पगार केंद्राचा आहे, लेव्हल ७, एम्ससारख्या संस्थांमधला. त्यावर नर्सिंग भत्ता वेगळा. तो आकडा डोक्यात धरून राज्याच्या जाहिरातीवर रुसू नका. आणि अमेरिकेतला ताशी डॉलरचा दर रुपयांत करून घरच्यांना सांगायचं तर त्याआधी टप्पा ७ वाचा.

### कायम नोकरीत हातात किती?

३५,४०० हा फक्त मूळ पगार. त्यावर महागाई भत्ता. हा दर जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, आदेश मात्र उशिरा निघतात आणि फरक थकबाकीत येतो. समजण्यापुरता ५५% धरू.

मूळ ३५,४०० + महागाई भत्ता १९,४७० = ५४,८७०. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड वाय वर्गात येतात, बाकीची गावं झेडमध्ये. झेडला १०% धरले तर ३,५४०. एकूण ५८,४१०, वाहतूक भत्ता वेगळा.

कपात: राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या १०%, म्हणजे ५,४८७. शासन आपले १४% वरून भरतं. व्यवसाय कर २००. राहिले ५२,७२३. गटविम्याची छोटी कपात धरली तरी नवीन सिस्टरच्या हातात ५२ हजारांच्या पुढं काहीतरी पडतं. सरकारी क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता जातो. तो हिशेबातून वजा करायला बऱ्याच जणी विसरतात.

## टप्पा ३: तास मोजा

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी पहिली नोकरी एका तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहात होती. ३,५०० रुपये आणि वरच्या मजल्यावर "राहायला खोली फुकट". मला वाटलं, भाडं वाचलं. पहिल्याच रात्री कळलं की बेलची वायर माझ्या खाटेच्या उशावरून गेलीय. दिवसभर ड्युटी करून झोपले की रात्री दोनला बेल. खाली जायचं, बाळंतीण घ्यायची, पहाटे बाळ पुसून आईजवळ द्यायचं आणि आठला परत दिवसपाळीला हजर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी उठवलेल्या रात्रींना पेन्सिलीनं खुणा करायचे. एका महिन्यात एकोणीस खुणा झाल्या. त्या खोलीचं भाडं मी झोपेत फेडत होते.

म्हणून आकडा सांगितला की त्याला तासांनी भागा. एक उदाहरण घेऊ.

लातूरला दोन जागा आहेत. पहिली: १८,००० रोख, बारा तास, २६ दिवस. दुसरी: १६,५०० एकूण पगार, आठ तास, २६ दिवस, पीएफ आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) कापून. दहापैकी आठ मुली पहिली घेतात.

पहिलीत तास ३१२. अठरा हजार भागिले ३१२, म्हणजे तासाला ५७ रुपये ७० पैसे. दुसरीत तास २०८. कपात जाऊन हातात १४,९३६ येतात (कसे ते पुढं सांगते). भागिले २०८, म्हणजे तासाला ७१ रुपये ८० पैसे. शिवाय पीएफ साठतोय तो वेगळाच. आठवड्याचे ४८ तास ही कायद्यानं घातलेली मर्यादा आहे, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आहे. पहिल्या जागेत तुम्ही आठवड्याला ७२ तास भरता आणि जादा तासांचे शून्य रुपये घेता.

लेबर रूमची एक खोच आणखी. डोकं दिसायला लागलेलं असताना घड्याळ बघून कुणी निघत नाही. दोनची सुट्टी साडेतीनला होते. म्हणून तास विचारताना "ड्युटी किती ते किती" एवढ्यावर थांबू नका. हे पाच प्रश्न विचारा:

- रात्रपाळीला लेबर रूममध्ये किती सिस्टर असतात? एकटी असेल तर सिझेरियनला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कोण जाणार?
- रिलीव्हर आली नाही तर डबल ड्युटीचे पैसे मिळतात की बदली सुट्टी?
- सलग किती नाईट? त्यानंतर ऑफ किती?
- ऑन कॉल आहे का? असेल तर येण्याजाण्याचं काय?
- बाळंतीण नसेल तेव्हा ओपीडी, बिलिंग, मेडिकल यातलं काय काय करावं लागतं?

तपासा: उत्तरं देणारा व्यवस्थापक आहे की तिथंच काम करणारी सिस्टर? निघताना पाणी प्यायच्या निमित्तानं वॉर्डात जा आणि मावशींना विचारा, "इथं सिस्टर किती दिवस टिकतात?" मावशी खोटं बोलत नाहीत.

## टप्पा ४: पगाराचा आकडा फोडा

खाजगीत तीन आकडे फिरतात आणि तिन्हींना "पगार" म्हणतात. सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा. आणि हातात पडणारा. मुलाखतीत सांगतात पहिला, तुम्ही ऐकता तिसरा.

वरचं १६,५०० चं उदाहरण फोडून बघू. मूळ पगार १२,०००, घरभाडे ४,५००.

तुमचा पीएफ मूळ पगाराच्या १२%, म्हणजे १,४४०. ईएसआय ग्रॉसच्या ०.७५%, म्हणजे १२४. व्यवसाय कर शून्य. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तरी काही जणींच्या स्लिपवर २०० रुपये कापलेले मी पाहिलेत. (ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, ही सूट नाही. त्यांना १०,००० च्या वर २०० बसतात, फेब्रुवारीत ३००.) हातात १४,९३६.

मालक वरून पीएफचे १,४४० भरतो आणि ईएसआयचे ३.२५%, म्हणजे ५३७. ही बेरीज धरून तो सीटीसी १८,४७७ सांगेल. मालकाच्या १,४४० पैकी १,००० पेन्शन खात्यात जातात आणि ४४० तुमच्या पीएफमध्ये, म्हणून पासबुकात दोन्ही रकमा सारख्या दिसत नाहीत. घाबरू नका, ती चोरी नाही.

पीएफ २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू आहे. ईएसआय १० पासून पुढं, २१,००० पर्यंतच्या पगाराला. "आम्ही पीएफ कापत नाही, पूर्ण पगार हातात देतो" हे वाक्य उपकाराच्या सुरात येतं. ऐकताना तिथले कर्मचारी मोजा: मालक डॉक्टर सोडून मावशी, वॉचमन, मेडिकलवाला सगळे.

ईएसआयचे १२४ रुपये कापले म्हणून कुरकुर करणाऱ्या मुलींना मी एकच विचारते, "तुझं स्वतःचं बाळंतपण कधी?" ईएसआयमध्ये आधीच्या सलग दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असेल तर २६ आठवड्यांचा मातृत्व लाभ मिळतो. ईएसआय लागू नसेल आणि दवाखान्यात दहा माणसं असतील तर मातृत्व लाभाचा कायदा आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. दुसऱ्यांची शेकडो लेकरं हातावर घेतलेल्या कित्येक सिस्टर सातव्या महिन्यात राजीनामा देऊन घरी बसतात, कारण त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरला नसतं.

सावध: स्लिपवर पीएफ नाही पण १०% टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापलाय? मग कागदावर तुम्ही नोकर नाहीच. "व्यावसायिक सेवा" देणाऱ्या बाहेरच्या व्यक्ती आहात. तो टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण पीएफ, ग्रॅच्युइटी, मातृत्व रजा यातलं काहीच मिळणार नाही.

आणि बाळाच्या आजीनं पदराच्या गाठीतून काढलेली शंभराची नोट पगारात धरू नका. "वरून मिळतंच की" असं सांगून पगार कमी ठरवणारे दवाखाने आहेत. सरकारी नोकरीत ती लाच आहे. खाजगीतही मुलगा झाला की पाचशे आणि मुलगी झाली की तोंड फिरवलेलं, असं ते उत्पन्न. त्यावर घरचा हप्ता ठरवता येतो का?

## टप्पा ५: बोलणी

आकडा तुम्ही आधी सांगू नका. आधी हातातलं काम सांगा. पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता) भरता येतो, प्रसूतीच्या तिसऱ्या टप्प्याचं, म्हणजे वार पडतानाचं, सक्रिय व्यवस्थापन येतं, रक्तस्राव ओळखून पहिली दहा मिनिटं सांभाळता येतात, बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्क लावता येतं. एसबीए (कुशल प्रसूती सहाय्यक) किंवा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं प्रशिक्षण झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

मग साधारण असं होतं.

"अपेक्षा काय तुमची?"

"सर, आठ तासांची ड्युटी असेल तर हातात किती आणि बारा तासांची असेल तर किती, दोन्ही सांगता का?"

बस. या एका प्रश्नानं तासांचा विषय निघतो आणि घासाघीस त्यांच्याकडून सुरू होते. "बघू, तीन महिन्यांनी वाढवू" असं म्हणाले तर "तेवढं ऑर्डरमध्ये लिहून द्या" म्हणा. लिहून देणारे वाढवतात. न लिहिणारे तीन महिन्यांनी "कोण म्हणालं असं?" म्हणतात.

## टप्पा ६: सही करण्याआधी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्याच संहितांमध्ये वेतनाची व्याख्याही बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणजे मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून पीएफ वाचवायची जुनी युक्ती चालत नाही.

पत्रात हे शब्द शोधा: पद (स्टाफ नर्स लिहिलंय की "ट्रेनी"?), रुजू तारीख, मूळ पगार, तास, साप्ताहिक सुट्टी, नोटीसचा कालावधी.

सावध: मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ देऊ नका. "फक्त व्हेरिफिकेशनला" म्हणून दिलेली मार्कशीट सोडवायला एका मुलीला दोन महिन्यांचा पगार सोडावा लागला. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ पिशवीत परत. सही केलेला कोरा चेक तर नाहीच. बॉन्ड असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती रुपये हे वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

पगार बँकेतच मागा. रोखीच्या पगारावर उद्या ना कर्ज मिळतं, ना अनुभव सिद्ध होतो.

## टप्पा ७: रुजू झाल्यावरचे तीन महिने, आणि पुढं

पहिल्या पगारानंतर स्लिप मागा. दुसऱ्या महिन्यात उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा, किंवा यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, असं दिसलं तर आधी अकाउंटंटला लेखी विचारा. महिनाभरात हललं नाही तर पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर टाका. ईएसआयचा दहा अंकी विमा क्रमांक मागून घ्या, तो मिळाला नसेल तर नोंदच झालेली नाही.

एक शंभर पानी वही घाला. तारीख, पाळी, किती बाळंतपणं घेतली, किती जादा तास, कोणती गुंतागुंत. बाळंतिणीचं नाव लिहायचं नाही. वर्षअखेरीला पगारवाढ मागताना "मी खूप काम करते" म्हणण्यापेक्षा वही पुढं सरकवली की काम होतं. नोकरी सोडताना अनुभवपत्रात "लेबर रूम" हे शब्द आणि दोन तारखा आहेत ना ते बघून घ्या. नुसतं "आमच्याकडे काम केले" असं लिहिलेलं पत्र पुढच्या मुलाखतीत कुणी हातात धरत नाही.

पुण्याचा आकडा मराठवाड्याच्या आकड्याशी तोलताना कॉटबेसिसचं भाडं, मेस आणि महिन्यातून एकदा गावी यायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट वजा करा. बऱ्याचदा पाच हजारांचा फरक शिवाजीनगर ते स्वारगेटच्या आतच संपतो. शिकायला मिळत असेल तर मात्र जा, तो हिशेब निराळा.

परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत मे २०२४ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होतं. हा आकडा सगळ्या परिचारिकांचा आहे, लेबर रूमचा वेगळा नाही. तिथं जायला एनसीएलईएक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा आणि मग व्हिसाची लांब रांग. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत सुरुवातीच्या परिचारिकेचा बँड ५ (पगाराची श्रेणी) असतो, २०२५-२६ ला ३१,०४९ पौंडांपासून. पण तिथं मिडवाइफ हा वेगळा पेशा आणि वेगळं रजिस्टर आहे. आपल्या दुहेरी नोंदणीवर तिथल्या लेबर वॉर्डात आपोआप उभं राहता येत नाही. एजंटानं "तुम्ही तर मिडवाइफ आहातच" म्हटलं तर त्याला कोणत्या रजिस्टरला नोंद होणार ते लिहून मागा, आणि लिहून येईपर्यंत पैसे भरू नका.